संशोधनाचा कारभार आणि कारकुनाचे शिक्षण

मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आपल्याकडील कोणत्याही विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात जाऊन थोडा वेळ उभे राहावे. एखाद्या टेबलासमोर रसायनशास्त्राचे किंवा भूगोलाचे प्राध्यापक हातात फाईल घेऊन ताटकळत असतात. मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पातून त्यांना एखादे उपकरण किंवा काही रसायने घ्यावयाची असतात आणि ३१ तारखेच्या आत बिल निघाले नाही तर रक्कम हातची जाणार असते. टेबलापलीकडचा लिपिक फाईल चाळतो, मंजुरीपत्र वाचतो, पुन्हा एकदा वाचतो आणि म्हणतो, “सर, हे या शीर्षाखाली बसत नाही.” प्राध्यापक संतापतात. या कारकुनांमुळेच देशात संशोधन होत नाही, असे ते बाहेर येऊन चारचौघांत सांगतात. लिपिकही आपल्या सहकाऱ्याला म्हणतो, की या मंडळींना पैसे हवे असतात, नियम नको असतात.

दोघेही बहुधा प्रामाणिक असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असते. या भांडणाकडे स्वभावांचे भांडण म्हणून पाहण्याची आपल्याला सवय जडली आहे. प्राध्यापकवर्ग उतावळा आणि कारकूनवर्ग आडमुठा, असा एक सोयीस्कर निवाडा करून आपण मोकळे होतो. वस्तुतः हे भांडण शिक्षणाच्या अभावातून निर्माण झालेले आहे. संशोधनाचे अनुदान म्हणजे काय, ते शाळेच्या इमारतीच्या किंवा वेतनाच्या अनुदानाहून कोणत्या बाबतीत वेगळे असते, त्याच्या अटी कशा वाचाव्या, हे त्या लिपिकाला कोणी कधी शिकविलेलेच नसते. कालपरवापर्यंत तो परीक्षा विभागात गुणपत्रिका तपासत होता. बदलीने तो या टेबलावर आला आणि आधीच्या माणसाने जाता जाता ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्या शिदोरीवर तो लाखो रुपयांच्या प्रकल्पांचा कारभार पाहत आहे. विद्यापीठांतील संशोधनाचा कारभार हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला स्वतंत्र शिक्षण लागते आणि ते शिक्षण दिल्यावाचून संशोधनावर ओतलेला पैसा संशोधनापर्यंत पोचणार नाही, हे मान्य करण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे.

पैशाची चर्चा, कारभाराबद्दल मौन

संशोधनावरील खर्चाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते आणि ती व्हावयासच हवी. २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यातही उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा ८.८ टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे समाधानकारक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. ही स्थिती सुधारावी म्हणून संसदेने २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत केला. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करावयाचे आणि त्यांपैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरच्या स्रोतांतून आणावयाचे, असा संकल्प त्या वेळी जाहीर झाला. आजवर निवडक केंद्रीय संस्थांकडे जाणारा पैसा राज्यांतील विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे वळावा, हा या नव्या व्यवस्थेचा एक घोषित हेतू आहे.

हेतू उत्तम आहे. परंतु ज्या विद्यापीठांकडे हा ओघ वळवावयाचा, तेथे तो झेलणारी यंत्रणा कोणती, याविषयीच्या चर्चेत एक चमत्कारिक मौन आढळते. धरण बांधावे, कालवा खणावा आणि शेतापर्यंतच्या पाटचाऱ्या मात्र कोणीच काढू नयेत, असा प्रकार महाराष्ट्राच्या वाचकाला नवा नाही. पाणी कालव्यात दिसते, पण पिकाला मिळत नाही.

तीन नियमपुस्तकांच्या मधोमध

अनुदानाचा प्रवास कसा होतो, हे बहुतेक सुशिक्षितांना ठाऊक नसते. प्रकल्प मंजूर झाला म्हणजे रक्कम एकदम हाती पडत नाही. मंजुरीपत्रात शीर्षे ठरलेली असतात. उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेच्या सर्वसाधारण खर्चापोटी मिळणारी रक्कम, अशी ती विभागणी असते. एका शीर्षातील पैसा दुसऱ्याकडे वळवावयाचा, तर बहुधा अनुदान देणाऱ्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. रक्कम हप्त्याहप्त्याने येते आणि पुढचा हप्ता मिळावयाचा तर मागच्या हप्त्याचा खर्चतपशील आणि उपयोगिता प्रमाणपत्र विहित नमुन्यात सादर करावे लागते. अनुदानाची रक्कम बँकेत पडून तिच्यावर व्याज मिळाले, तर ते संस्थेचे होत नाही. भारताच्या संचित निधीत ते भरावे लागते. विकत घेतलेल्या उपकरणाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात करावी लागते आणि परवानगीवाचून ते मोडीत काढता येत नाही.

यात अवघड असे काही नाही, असे कोणाला वाटेल. पण राज्य विद्यापीठातील लिपिकाच्या टेबलावर एकाच वेळी तीन नियमपुस्तके असतात. पैसा केंद्राचा म्हणून केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम. संस्था राज्याची म्हणून राज्य शासनाचे खरेदी धोरण. आणि विद्यापीठ स्वायत्त म्हणून त्याचे स्वतःचे लेखानियम. कोणत्या खर्चाला कोणते पुस्तक उघडावयाचे, हे सांगणारे चौथे पुस्तक मात्र नाही. दरपत्रके किती मागवावीत, निविदा केव्हा काढावी, जेम या सरकारी संकेतस्थळावर न मिळणारी वस्तू कशी घ्यावी, क्षेत्रभेटीला जाणाऱ्या प्राध्यापकाला तसलमात किती द्यावी, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला चाचपडत शोधावे लागते.

त्यातही नियम स्थिर नसतात. गेल्या काही वर्षांतील चारच उदाहरणे पाहावीत. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के इतक्या सवलतीच्या दराने वस्तू व सेवा कर पडत असे. ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के कर लागू झाला. दहा लाखांच्या यंत्रावर ५० हजारांऐवजी १ लाख ८० हजार कर. ज्यांचा अर्थसंकल्प जुन्या दराने मंजूर झाला होता, त्यांनी वरचे १ लाख ३० हजार आणावयाचे कोठून? त्याच वर्षी केंद्राच्या योजनांचा पैसा संस्थेच्या खात्यात आगाऊ न देता शून्य शिलकीच्या खात्यातून खर्चाच्या वेळीच देण्याची पद्धत सुरू झाली. ती समजून घेईपर्यंत अनेक प्रयोगशाळांतील देणी तुंबली. २०२४ साली काही नामांकित शिक्षणसंस्थांना संशोधन अनुदानावरच कर भरण्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत जीएसटी परिषदेला अशा अनुदानांना सूट देण्याचा निर्णय घ्यावा लागला. पुढे जून २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीच्या मर्यादा वाढविल्या. दरपत्रकांवाचून थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली.

यांतील प्रत्येक बदल विद्यापीठाच्या लिपिकाला कसा कळतो? कधी परिपत्रकाने, कधी एखाद्या प्राध्यापकाने छापून आणून दाखविलेल्या कागदावरून, आणि पुष्कळदा लेखापरीक्षकाने आक्षेप घेतल्यानंतर. सवलत मिळाली तरी ती आपल्या संस्थेला लागू आहे की नाही, हे सांगण्याचे धाडस कोणी करीत नाही. जी मुभा दिल्लीने दिली, ती टेबलावर पोचता पोचता विरून जाते.

‘नाही’ म्हणण्याची सुरक्षितता

येथे कारकुनाच्या बाजूनेही विचार करावयास हवा, कारण तो सहसा कोणी करीत नाही. लेखापरीक्षणात त्याला विचारले जाते ते “ही रक्कम का दिलीत?” “का दिली नाहीत?” असा प्रश्न त्याला त्याच्या उभ्या नोकरीत कोणी विचारीत नाही. दिलेल्या रकमेत चूक निघाली तर वसुली लागू शकते, सेवानिवृत्तीच्या वेळी कागद अडू शकतात. न दिल्यामुळे एखादा प्रयोग थांबला, एखादा पावसाळा वाया गेला आणि वनस्पतिशास्त्राच्या संशोधकाला पुढच्या आषाढापर्यंत थांबावे लागले, तर त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ज्याला नियम नीट ठाऊक नाही आणि चुकीची शिक्षा मात्र ठाऊक आहे, असा कोणताही शहाणा माणूस ‘नाही’ असेच म्हणेल. त्याच्या खुर्चीत प्राध्यापक महाशयांना बसविले, तर आठ दिवसांत तेही ‘नाही’ म्हणू लागतील.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर कारकुनाला दरडावण्यात नाही, किंवा नियम उठवून टाकण्यातही नाही. सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. नियम ज्याला पूर्णपणे माहीत असतो, त्यालाच नियमाच्या आतली मोकळी जागा दिसते. अर्धवट माहिती असलेल्याला केवळ भिंती दिसतात.

किंमत कोण मोजतो?

या अज्ञानाची किंमत प्राध्यापकापेक्षा अधिक मोजतो तो संशोधक विद्यार्थी. प्राध्यापकांचे वेतन १ तारखेला होते. प्रकल्पावर नेमलेल्या सहायकाचे मानधन मात्र पुढच्या हप्त्यावर अवलंबून असते, हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर आणि प्रमाणपत्र त्या एका टेबलावर. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार केली, याचे स्वागत झाले. परंतु महिनोन्महिने न मिळणाऱ्या ३७ हजारांवर खोलीचे भाडे भरता येत नाही आणि खाणावळीचा मालकही मंजुरीपत्राची प्रत ठेवून घेऊन जेवू घालत नाही.

बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर शिकणारी मुले-मुली बहुधा ज्या घरांतून येतात, तेथे पीएच.डी. ही कुटुंबातील पहिलीच असते. त्यांची उपस्थिती, प्रगती अहवाल, घरभाडे भत्त्याचा दाखला हे सारे कागद महाविद्यालयातून आणि विद्यापीठातून वेळेवर जावे लागतात. एका नमुन्यात एक रकाना रिकामा राहिला, म्हणून प्रस्ताव परत येतो आणि दोन महिने जातात. श्रीमंत घरातील मुलगा ते दोन महिने काढतो. शेतमजुराची मुलगी गावी परत जाते आणि कधी कधी परत येत नाही. कारभारातील ढिलाईचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, ते सर्वांत दुबळ्या खांद्यावर सर्वांत जड पडते. म्हणूनच हा प्रश्न केवळ कार्यालयीन सोयीचा नाही, तो सामाजिक न्यायाचाही आहे.

परदेशांचा अनुभव

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. अमेरिकेत १९५० साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यानंतर तेथील विद्यापीठांकडे सरकारी पैशाचा पूर लोटला. तो सांभाळताना तेथील कार्यालयांचीही अशीच तारांबळ उडाली. तेव्हा या कामातील मंडळींनी १९५९ साली आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली आणि १९६७ मध्ये आणखी एक संघटना निघाली. अनुभवी माणसांनी नवख्यांना शिकवावे, नियम बदलले की वर्ग भरवावेत, पुस्तिका काढाव्यात, हे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले. पुढे १९९३ मध्ये या व्यवसायाची पात्रता परीक्षा घेणारे मंडळही स्थापन झाले. दक्षिण आफ्रिका व तिच्या शेजारी देशांतील अशी संघटना २००२ ची आहे. जपान सरकारने २०११ पासून विद्यापीठांत संशोधन प्रशासकांचा वेगळा वर्ग तयार करण्यासाठी योजना राबविली. म्हणजे केवळ धनाढ्य देशांनीच हा खटाटोप केला असेही नाही.

तथापि, परदेशाचा अनुभव सांगताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. इतकी यंत्रणा असूनही अमेरिकेतील संशोधकांच्या २०१८ च्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की सरकारी अनुदानाच्या संशोधनासाठी ठेवलेल्या वेळातील सुमारे ४४ टक्के वेळ प्रत्यक्ष संशोधनाऐवजी अर्ज, अहवाल आणि परवानग्या यांत जातो. याचा अर्थ असा, की प्रशासकांचा वर्ग निर्माण केला म्हणजे कागद आपोआप कमी होतात असे नाही. कधी कधी तो वर्गच आपल्या अस्तित्वाच्या समर्थनार्थ नवे कागद निर्माण करतो. शिक्षण द्यावयाचे ते कशासाठी, हे आधी ठरविले नाही, तर आपणही महागडा मनस्तापच विकत घेऊ. संशोधकाच्या पाठीवरचे ओझे आपल्या पाठीवर घेणे, हे या कामाचे प्रयोजन. त्याच्यावर नवा मुकादम नेमणे हे नव्हे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे पाटी अगदी कोरी आहे असे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन व सल्लाकार्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि अन्य मोठ्या केंद्रीय संस्थांतही अशी कार्यालये आहेत. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या सहकार्याने २००८ साली सुरू झालेल्या ‘इंडिया अलायन्स’ या संस्थेने २०१८ पासून संशोधन व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. हे स्तुत्य आहे. परंतु ही दिवटी जेथे पोचली तेथे आधीच थोडा उजेड होता. खरा अंधार आहे तो राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न असलेल्या शेकडो महाविद्यालयांत. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात प्रवेश, शिष्यवृत्त्या, वेतनदेयके, परीक्षेचे साहित्य आणि एखाद्या प्राध्यापकाला मिळालेला लघुप्रकल्प, हे सारे एकच मुख्य लिपिक पाहतो. वर्षाला एखादाच प्रकल्प आला, तर त्याचे नियम शिकण्याइतका सरावही त्याला होत नाही आणि आलेली पीडा एकदाची टळो, एवढीच त्याची इच्छा उरते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. त्यांची नावे पुढे बदलली. २०२३ पासून ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग यांवाचून प्राध्यापकांची बढती होत नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी मधूनमधून एखादा अल्पकालीन वर्ग भरतो, नाही असे नाही. पण तो त्यांच्या सेवेचा, बढतीचा आणि प्रतिष्ठेचा भाग झालेला नाही. ‘शिक्षकेतर’ या शब्दातच आपली दृष्टी उघडी पडते. जो जे नाही त्यावरून त्याची ओळख ठरते. तो जे आहे त्याला नावच नाही.

काही आक्षेप

या सूचनेवर काही आक्षेप निघतील. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस भाषणे, दुपारचे जेवण, समूहछायाचित्र आणि शेवटी प्रमाणपत्र, असा आपला अनुभव आहे. तो खोटा नाही. पण वाईट शाळा आहेत म्हणून आपण शाळा बंद करा म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा, की सारे काम आता संगणकावर गेले आहे, मग माणसाला शिकवावयाचे कशाला? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की संगणकाने खिडकी हलविली, प्रश्न हलविला नाही. चुकीच्या शीर्षाखाली टाकलेला आकडा संगणक निमूटपणे स्वीकारतो, आणि पुढे तो दुरुस्त करणे कागदावरच्या खाडाखोडीपेक्षा कठीण होते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदेच रिक्त आहेत, कामे कंत्राटी माणसांवर चालली आहेत, आज शिकविलेला माणूस उद्या टिकेल याची शाश्वती नाही. मग शिकवावयाचे कोणाला? हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. रिकाम्या खुर्चीला कोणी शिकवू शकत नाही. पदभरती हा प्रशिक्षणाला पर्याय नव्हे आणि प्रशिक्षण हा पदभरतीला पर्याय नव्हे. शासनाने एकाचे निमित्त करून दुसरे टाळू नये, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, हे शिक्षण मराठीतून आणि प्रत्यक्ष फायलींवर व्हावे. मंजुरीपत्र कसे वाचावे, शीर्षांतर केव्हा मागावे, उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या चुकांमुळे परत येते, हे जुन्या प्रकल्पांची दफ्तरे समोर ठेवून शिकविता येईल. त्यासोबत करांचे नियम, मानवी प्रयोगांसाठी लागणारी नीतिसमितीची संमती, स्वामित्वहक्क आणि २०२० साली अधिक कडक झालेला परदेशी देणग्यांचा कायदा यांची ओळख करून द्यावी. दुसरी गोष्ट, शिकणाऱ्याने दोन-चार दिवस प्रयोगशाळेत आणि क्षेत्रभेटीवर घालवावेत. उणे ८० अंशांचा शीतकपाट एक रात्र बंद पडला तर किती वर्षांचे काम नासते, हे ज्याने पाहिले, तो त्याच्या दुरुस्तीचे बिल पाच दिवस ठेवून घेणार नाही. तिसरी गोष्ट, प्रकल्प मिळालेल्या प्राध्यापकांनीही याच वर्गात, याच बाकांवर बसावे. अज्ञान टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे.

चौथी गोष्ट, शिकलेल्या माणसाला निदान पाच वर्षे त्या टेबलावरून हलवू नये, त्याच्यासाठी परीक्षा ठेवावी, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला बढतीची स्वतंत्र वाट असावी. पाचवी गोष्ट पैशाची. संस्थेच्या सर्वसाधारण खर्चापोटी प्रकल्पाबरोबर येणारी रक्कम आज पुष्कळदा विद्यापीठाच्या सामान्य निधीत बुडून जाते. तिचा छोटासा भाग या कामासाठी राखून ठेवला, तर शासनापुढे हात पसरावा लागणार नाही. पुण्याची यशदा शासकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम अनेक वर्षे करीत आहे आणि विद्यापीठांची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे तयार आहेत. नवी इमारत, नवी संस्था यांची काहीच गरज नाही. लहान महाविद्यालयांसाठी जिल्ह्याला एक जाणकार माणूस दिला, तरी मुख्य लिपिकांची मोठी अडचण दूर होईल.

लेखणीची परंपरा

हिशेब आणि दफ्तर यांना कमी लेखण्याची वृत्ती महाराष्ट्राच्या परंपरेतली नाही. मराठी राज्यात फडणिशी हे मानाचे पद होते, हे सांगावयास नको. मोडी लेखन, पत्रांचे मायने आणि जमाखर्चाच्या रीती यांचे धडे देणारी ‘मेस्तके’ आपल्याकडे होती आणि परंपरेने त्यांचे नाते हेमाद्रीपर्यंत नेऊन जोडले जाते. कारकुनाचे काम हे शिकण्याचे काम आहे, एवढे त्या काळच्या लोकांना कळत होते. भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. सुखटणकरांसारख्या संपादकांची नावे आपण आदराने घेतो, औंधच्या राजेसाहेबांच्या देणगीचाही उल्लेख करतो. पण जवळजवळ अर्धशतक ठिकठिकाणांहून येणाऱ्या देणग्यांचा आणि हस्तलिखितांचा हिशेब कोणी तरी ठेवलाच असेल. त्या अनामिकांवाचून ते कार्य तडीस गेले नसते.

आज आपल्याला हवे आहे ते नव्या काळाचे मेस्तक, आणि ते शिकविणारी माणसे. त्याचे फळ मोजावयाचे तर मोठ्या अहवालाची गरज नाही. मार्चअखेरीस त्याच टेबलासमोर पुन्हा जाऊन उभे राहावे. लिपिक फाईल चाळेल, मंजुरीपत्र वाचेल आणि म्हणेल, “सर, हे या शीर्षाखाली बसत नाही.” तेवढ्यावर तो थांबला, तर काहीच बदलले नाही असे समजावे. पण त्याने समोरची खुर्ची पुढे सरकवून म्हटले, “बसा. असा अर्ज केलात तर त्या शीर्षाखाली बसेल, आणि तो अर्ज आजच गेला पाहिजे,” तर आपल्या विद्यापीठांत संशोधनाला खरोखर आरंभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.